आठ जीबी की बारा? मुलाचं ग्राफिक्स कार्ड आणि आपला हिशोब



निकाल लागले की आपल्या घरांत पेढ्यांपाठोपाठ कॉम्प्युटरची मागणी येतेच. पूर्वी "अभ्यासाला पाहिजे" एवढं सांगून मुलं थांबायची. आता ती सरळ म्हणतात, गेमिंगचा पाहिजे. आणि मग घरात एक शब्द येतो, ग्राफिक्स कार्ड, आणि त्याच्यामागून एक आकडा. आठ जीबी, बारा जीबी, सोळा जीबी. हा आकडा ऐकून निम्म्या आया गप्प बसतात आणि निम्म्या म्हणतात, "सगळ्यात कमी असेल ते दे." दुकानदार म्हणतो, सगळ्यात जास्त असेल ते घ्या.

आमच्याकडे यंदा बारा जीबीचं कार्ड आलं. ते कळल्यापासून मंदिरात, लग्नात, अगदी भाजी घेताना सुद्धा मला विचारणा होते आहे, "मग आम्हीपण बाराच घ्यावं का?" माझं मत विचाराल तर, नाही. आधी घरातला मॉनिटर बघा, मग मूल नेमके कोणते खेळ खेळतं ते बघा, मग हे यंत्र किती वर्षं वापरायचं ते ठरवा. ह्या तिन्हीतून जो आकडा निघेल तो घ्या. एखाद्या घरी सहा पुरतील, एखाद्या घरी बाराही अपुरे पडतील. पण एकदा आकडा निघाला की त्याच्याखाली उतरून हजार-दोन हजार वाचवू नका. का, ते सांगते.

आधी ही मेमरी म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण मुलं समजावून सांगत नाहीत, नुसती "लागतेच" म्हणतात. आपल्या स्वयंपाकघराचंच बघा. कोठीच्या खोलीत वर्षाचं धान्य असतं. फडताळात महिन्याचं सामान असतं. आणि ओट्यावर आत्ता लागणारं, म्हणजे परात, पोळपाट, चिरलेली भेंडी, फोडणीचा डबा. कॉम्प्युटरची हार्ड डिस्क किंवा एसएसडी ही कोठी. रॅम हे फडताळ. आणि ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी, तिला व्हीरॅम म्हणतात, तो ओटा. कार्ड ही स्वयंपाक करणारी बाई. तिचे हात कितीही चपळ असोत, ओटा लहान असेल तर ती प्रत्येक जिन्नसासाठी आतबाहेर करत बसणार.

आणि हा आतबाहेरचा फेरा केवढा महाग पडतो ते बघा. आम्ही घेतलेलं कार्ड, आरटीएक्स ३०६०, स्वतःच्या ओट्यावरून सेकंदाला ३६० जीबी माहिती उचलू शकतं. तीच माहिती फडताळातून, म्हणजे मदरबोर्डच्या रस्त्याने आणायची झाली, तर तो रस्ता नव्या चौथ्या पिढीचा असला तरी सेकंदाला साधारण ३२ जीबीच्या वर जात नाही. जुन्या तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर ते सोळावर येतं. म्हणजे अकरापट नाहीतर बावीसपट मंद. कोठीची तर गोष्टच सोडा.

आता म्हणाल, मंद तर मंद, थोडं थांबेल पोरगं. इथेच खरी अडचण आहे. आपल्याकडे दिवस मावळायच्या आत ताटं वाढली गेली पाहिजेत, बरोबर? सव्वासहाला सूर्यास्त असेल तर साडेसहाला तयार झालेली उत्तम भाजी त्या दिवशी आपल्या उपयोगाची नाही. खेळाचं तसंच असतं. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रं दाखवायची असतात, म्हणजे प्रत्येक चित्राला सेकंदाचा साठावा भाग मिळतो, सोळा मिलिसेकंद आणि वर थोडंसं. तेवढ्यात चित्र तयार झालं नाही की पडदा अडखळतो. विमान आडवं उडी मारतं, गाडी वळणावर थिजते. म्हणून मेमरी कमी पडली की खेळ हळूहळू मंद होत नाही. चांगला चालता चालता मध्येच ठेचकाळतो. आणि मग पोरं टेबलावर हात आपटतात, ते तुम्ही ऐकलंच असेल.

मग ओट्यावर एवढं ठेवायचं तरी काय असतं? मला वाटायचं, पडद्यावरचं चित्र. पण ते तर चिमूटभर असतं. आपला नेहमीचा मॉनिटर १९२० बाय १०८० चा, त्याला फुल एचडी म्हणतात. त्यावर एकूण वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे ठिपके. एका ठिपक्याला चार बाइट धरले तर अख्खं चित्र आठ एमबीच्या थोडं वर. एक जीबीत अशी शंभरावर चित्रं बसतील. जागा खातं ते दुसरंच, त्याला टेक्स्चर म्हणतात. म्हणजे भिंतीचा पोत, दगड, माती, कपडे, झाडाची साल, ह्यांचे फोटोच समजा. ते प्रत्येक वस्तूवर गुंडाळलेले असतात. असा एक मोठा पोत ४०९६ बाय ४०९६ चा असेल तर तो दाबून बसवला नाही तर ६४ एमबी घेतो. दाबून बसवला तरी सोळा, आणि लांबून बघायच्या छोट्या प्रती त्याच्यासोबत ठेवाव्या लागतात त्या धरून एकवीस. अशा शेकडो वस्तू एका दृश्यात असतात. आता कळलं ना आठ जीबी कुठे जातात?

ह्यातून एक कामाची गोष्ट निघते. खेळाच्या सेटिंगमध्ये "टेक्स्चर क्वालिटी" असं एक कलम असतं. मेमरी कमी पडत असेल तर तेवढं एक पायरी खाली घ्यायचं. बाकीचं सगळं तसंच ठेवून बहुतेक वेळा खेळ सुरळीत होतो. उलट मेमरी पुरेशी असेल तर हे कलम वर ठेवल्याने वेग जवळजवळ कमी होत नाही. माझ्या नणंदेकडे लातूरला हेच केलं. तिचा मुलगा नवीन कार्ड मागत होता. एक कलम "अल्ट्रा" वरून "हाय" वर आणलं आणि विषय वर्षभर पुढे गेला. तिथून बघितलं तर भिंतीत फरकही दिसत नव्हता, मला तर नाहीच, त्यालाही नाही.

आता मॉनिटर. फुल एचडीच्या वरचा २५६० बाय १४४० चा मॉनिटर घेतला तर ठिपके छत्तीस लाख शहाऐंशी हजार चारशे होतात, आणि फोर-के घेतला तर ब्याऐंशी लाख चौऱ्याण्णव हजार चारशे, म्हणजे फुल एचडीच्या बरोबर चौपट. मेमरी चौपट लागत नाही, पण वाढते, आणि कार्डाचं काम तर भरपूर वाढतं. तेव्हा कार्डाची चर्चा करायच्या आधी मुलाला विचारा, बाबा रे, पडदा कोणता? आमच्याकडे चोवीस इंची फुल एचडी होता आणि तोच राहणार होता. त्यामुळे सोळा जीबी हा आकडा पहिल्या पाच मिनिटांत बाद झाला. चिरंजीव थोडे हिरमुसले, पण त्यांनाच आकडेमोड करायला लावली होती, त्यामुळे बोलता येईना.

मग खेळ. इथे मला जे कळलं ते आपल्यातल्या पुष्कळ जणींच्या समजुतीच्या उलट आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्या गटात एक काकू म्हणाल्या, "कमीच मेमरीचं घ्यायचं, म्हणजे ते मारामारीचे खेळ चालणारच नाहीत." त्यांचा हेतू माझ्या मनातलाच आहे. आमच्या सासूबाईंनी तर पहिल्याच दिवशी यशोधर राजाची गोष्ट काढली. राजाने खरा कोंबडा मारला नव्हता, पिठाचा केला होता, आणि तरी त्याला आणि त्याच्या आईला केवढे भव फिरावे लागले. "पडद्यावरची माणसं पिठाचीच ना गं?" असं त्यांनी विचारलं. ह्या प्रश्नाला टाळून पुढे जाता येत नाही, आणि मी टाळलाही नाही. पण मेमरी कमी घेणं हे त्याचं उत्तर नव्हे, कारण दोघांचा संबंधच नाही. व्हॅलोरंट नावाचा खेळ पोरं वेड्यासारखी खेळतात, त्यात सगळा गोळीबार. त्याला लागते एक जीबी व्हीरॅम. जीटीए फाइव्ह, ज्याच्याबद्दल न बोललेलं बरं, कॉम्प्युटरवर २०१५ साली आला आणि त्याला कंपनीने सुचवली होती दोन जीबी. आणि मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर, ज्यात कोणी कोणाला मारत नाही, नुसतं विमान चालवायचं, त्याच्या २०२४ च्या आवृत्तीला कमीत कमी चार, शिफारस आठची, आणि उत्तम चालायला बारा जीबी. म्हणजे कमी मेमरी घेऊन तुम्ही हिंसा बाहेर ठेवत नाही, विमान बाहेर ठेवता. गोळ्या तर जुन्या लॅपटॉपवर पण चालतात.

पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स नावाच्या मंडळींनी केलेला "राजी" हा खेळ २०२० साली आला. राजस्थानी वाड्यांसारखी, लघुचित्रांसारखी दृश्यं त्यात आहेत, आणि नायिका एक मुलगी आहे, जी भावाला शोधायला निघते. डोळ्यांना तो फार सुंदर वाटतो आणि त्याला असलं मोठं कार्ड लागत नाही, पण लढाई त्यातही आहेच. तेव्हा हिंसेचा प्रश्न प्रत्येक खेळापाशी वेगळा विचारावा लागतो. आमच्या घरी तो असा विचारला जातो: खेळ विकत घ्यायच्या आधी त्याचा दहा मिनिटांचा व्हिडिओ मुलाने मला आणि त्याच्या आजीला दाखवायचा. मग बोलणं होतं, कधी वादही होतो. दोन खेळ नाकारले गेले, एकाला आजीनेच होकार दिला, मलाच आश्चर्य वाटलं. तो शेतीचा होता, ट्रॅक्टर वगैरे. मग त्यात औषध फवारणी आहे असं मुलानेच प्रामाणिकपणे दाखवलं, तेव्हा आजी बराच वेळ विचार करत बसल्या. नायगावच्या बाईला फवारणीचं काय सांगायचं! शेवटी "चालेल" म्हणाल्या.

तर आमच्या मुलाचे खेळ ठरले, विमानाचा एक, गाड्यांचा एक, आणि शिवाय त्याला ब्लेंडर शिकायचं आहे. ब्लेंडर म्हणजे त्रिमितीय चित्रं आणि हालती चित्रं करायचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. तिथे तर मेमरीचा प्रश्न अजून कडक आहे. कार्डावर चित्र रंगवून घेताना सगळा देखावा ओट्यावर मावावा लागतो. मावला नाही तर काम फार रखडतं नाहीतर बंदच पडतं. खेळात टेक्स्चर कमी करता येतं, पण कामाच्या चित्रात कुठे कमी करणार?

आमची खरी निवड दोन कार्डांत होती आणि मला वाटतं पुष्कळ घरांत हीच असेल. एकीकडे आरटीएक्स ४०६०, २०२३ सालचं, आठ जीबी. दुसरीकडे आरटीएक्स ३०६०, २०२१ सालचं, बारा जीबी. नवं कार्ड मेमरी पुरते आहे तोवर जुन्यापेक्षा पंधरा-वीस टक्के वेगवान. वीजही कमी खातं, ११५ वॅट, जुनं १७० वॅट. भावात फार फरक नव्हता. मुलाचे मित्र नव्याच्या बाजूने होते, आमचे हे पण. कापडाच्या दुकानात बसणारा माणूस, जुना माल म्हटलं की त्यांना नको वाटतो.

मी जुन्याच्या बाजूने होते आणि अजून आहे. कारण हे यंत्र आम्हाला पाच-सहा वर्षं बदलायचं नाही. वेग कमी पडला तर सेकंदाला साठच्या ऐवजी पन्नास चित्रं दिसतील, चालून जातं. मेमरी कमी पडली तर खेळ ठेचकाळेल आणि ब्लेंडर थांबेल. २०२३ च्या मार्चमध्ये "द लास्ट ऑफ अस" हा खेळ कॉम्प्युटरवर आला तेव्हा आठ जीबीच्या कार्डांवर त्याची दैना झाली होती. नंतर कंपनीने दुरुस्त्या करून तो बराच सुधारला हे खरं, पण २०२४ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या "इंडियाना जोन्स" च्या खेळाने तर कमीत कमी गरजच आठ जीबीचं कार्ड अशी लिहिली. कमीत कमीचा आकडा जिथे आला तिथे आज उभं राहायचं, आणि तेही सहा वर्षांसाठी, हे मला पटेना. विजेचा हिशोब मी मांडला. पंचावन्न वॅटचा फरक, रोज तीन तास, वर्षाला साधारण साठ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी सहाशे रुपये. तेवढे मी देईन. उन्हाळ्यात खोली थोडी जास्त तापेल, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तशीही भट्टीच असते, दुपारी कॉम्प्युटर बंद.

ह्यावर कोणी म्हणेल, इंटेलचं आर्क बी५८० बारा जीबीचं आहे, नवंही आहे. खरं आहे. फक्त खेळ खेळायचे असते तर मी त्याचा विचार केला असता. पण ब्लेंडरसाठी एनव्हीडियाचं कार्ड जास्त वापरातलं, शिकवणारेही तेच धरून शिकवतात, म्हणून आमच्याकडे ते मागे पडलं.

आणि एकच कार्ड दोन मेमरीत मिळत असेल, तर ऐपत असेल तोवर मोठंच घ्या असं मी म्हणेन. आरटीएक्स ५०६० टीआय आठ आणि सोळा अशा दोन्हीत आलं, एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी पण तसंच. २०२५ साली दोन्हींचे भाव जाहीर झाले तेव्हा लहान-मोठ्यातला फरक पन्नास डॉलरचा होता. आपल्याकडे आयात, कर धरून तो वाढतो, आणि २०२५ च्या अखेरीपासून तर एआयच्या मोठमोठ्या केंद्रांनी मेमरीच्या चिपा उचलल्यामुळे सगळ्याच मेमरीचे भाव चढले. तरीसुद्धा. कारण रॅम नंतर वाढवता येते, एसएसडी वाढवता येते, पण ग्राफिक्स कार्डाची मेमरी कार्डावरच सोल्डर करून पक्की बसवलेली असते. ती नंतर वाढत नाही. कार्डच बदलावं लागतं. लॅपटॉपमध्ये तर कार्डही बदलता येत नाही, अख्खा लॅपटॉप जातो. "आत्ता लहान घेऊ, मग वाढवू" हे आपलं नेहमीचं गणित इथे चालत नाही.

ह्याच्या उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मीच दुकानदारासारखी बोलेन. मुलं एक युक्तिवाद करतात, "मम्मी, बघ, खेळाने दहा जीबी वापरली, म्हणजे दहा लागतेच." असं नसतं. खेळाला जेवढी जागा दिसते तेवढी तो पुष्कळदा भरून ठेवतो, लागो न लागो. आपल्या कपाटांचं काय होतं? चार कप्पे असले की चार भरतात, सहा केले की सहा. मधल्या दोन कप्प्यांतल्या साड्या तीन वर्षं नेसलेल्या नसतात. वापरलेली आणि लागणारी हे दोन आकडे वेगळे. कोणतं कार्ड पुरतं हे बघायचं तर आठवाल्या कार्डावर तोच खेळ अडखळतो का, हे बघायचं. परिग्रह परिमाणाचं व्रत घेताना आपण हेच तर करतो, कमीत कमी असं मोघम म्हणत नाही, सोनं इतकं, वस्त्रं इतकी, असा आकडा सांगतो. आकडा आधी, बाजार नंतर. मुलाला हे मी सांगितलं तेव्हा त्याने वहीत लिहिलं, "बारा जीबी, फुल एचडी, सहा वर्षं, एकूण पंचाहत्तर हजार." ते पान घेऊनच आम्ही निघालो.

आणि ते पान होतं म्हणून दुकानात टिकाव लागला. नांदेडला दोन ठिकाणी विचारलं आणि मग देगलूरमार्गे हैदराबादकडे, सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरला गेलो. आपल्या भागातली बरीच मंडळी सुटे भाग तिथूनच आणतात. दुकानांची नावं लिहीत नाही, पण जे ऐकलं ते लिहिते, कारण ते तुम्हालाही ऐकावं लागेल.

एका ठिकाणी म्हणाले, "ताई, हे घ्या, सोळा जीबी ग्राफिक्स, तुमच्या बारापेक्षा जास्त." मुलाने तिथेच टास्क मॅनेजर उघडून दाखवलं. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की ते उघडतं, मग परफॉर्मन्स, मग जीपीयू. तिथे दोन ओळी असतात. "डेडिकेटेड" म्हणजे कार्डाची स्वतःची, ओट्यावरची. "शेअर्ड" म्हणजे वेळ पडली तर रॅममधून उसनी घेता येणारी, फडताळातली. त्या कॉम्प्युटरमध्ये स्वतःची होती आठ आणि उसनी आठ. दुकानदाराने बेरीज सांगितली होती. ही ओळ बघायला शिकाच मैत्रिणींनो, त्याला इंजिनिअरिंग लागत नाही.

नुसता मोठा आकडाही फसवतो. जीटी ७३० नावाचं २०१४ सालचं एक कार्ड चार जीबीतही मिळतं. खोक्यावर चारचा आकडा ठसठशीत असतो. पण त्यातल्या बऱ्याच कार्डांवर मेमरी जुन्या, मंद डीडीआर३ प्रकारची, आणि कार्ड स्वतः इतकं अशक्त की त्याला चार जीबी भरायची ताकदच नाही. ओटा मोठा, पण स्वयंपाकाला कोणी नाही. नावही नीट वाचा. आरटीएक्स ३०६० हे बाराच्या शिवाय आठ जीबीतही निघालं, २०२२ च्या शेवटी. नाव तेच, पण मेमरी कमी आणि तिच्यापर्यंतचा रस्ताही अरुंद, सेकंदाला ३६० च्या ऐवजी २४० जीबी. आणि मोठ्या कंपनीचं म्हणून डोळे मिटून घ्यावं असंही नाही. जीटीएक्स ९७० हे २०१४ चं कार्ड चार जीबीचं म्हणून विकलं गेलं, पण त्यातला शेवटचा अर्धा जीबी बाकीच्या साडेतीनपेक्षा फार मंद निघाला. अमेरिकेत लोक कोर्टात गेले आणि २०१६ मध्ये कंपनीने कार्डामागे तीस डॉलर द्यायची तडजोड केली. खोक्यावरचा आकडा खोटा नव्हता, पण पुरता खराही नव्हता. सत्य अणुव्रताच्या वर्गात हे उदाहरण द्यायला हरकत नाही.

ज्यांचं बजेट चाळीस-पन्नास हजारांत आहे त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. मूल फुल एचडीवर व्हॅलोरंट, क्रिकेट, फुटबॉल असलं काही खेळत असेल, तर आरटीएक्स ३०५० चं सहा जीबीवालं रूप पुरेल. ते सत्तर वॅटचं आहे, वेगळी वीजजोडणी लागत नाही, घरच्या साध्या कॉम्प्युटरमध्येही बसतं. त्याहून कमी असेल तर कार्डच घेऊ नका, चांगल्या ग्राफिक्सचा प्रोसेसर घ्या आणि रॅम सोळा जीबी टाका, कारण तो रॅममधूनच आपली जागा घेतो. कार्ड नंतर लावता येतं. ही एकच जागा, जिथे "मग बघू" म्हणायला हरकत नाही.

सेकंड हँडचं मात्र सांभाळून. २०२१-२२ मध्ये क्रिप्टोच्या नाण्यांसाठी पुष्कळ कार्डं रात्रंदिवस तापवली गेली आणि मग बाजारात आली. शिवाय एका कार्डाला दुसऱ्याचं नाव चढवून विकायची लबाडी पण चालते, कॉम्प्युटर त्यावर मोठं नाव आणि मोठी मेमरी दाखवतो, आतलं कार्ड जुनंच. जीपीयू-झेड नावाचं छोटंसं फुकटचं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर घेऊन जा, ते अशी बरीच कार्डं ओळखतं. आणि मूल जो खेळ खेळणार आहे तोच दुकानात अर्धा तास चालवून बघा. पहिल्या पाच मिनिटांत काही कळत नाही, ओटा भरायला वेळ लागतो. आम्ही नवीन घेतलं तरी चालवून बघितलं. दुकानातली पोरं हसत होती, पण मुलाने सावकाश एक विमान उडवलं, नांदेडच्या धावपट्टीवर उतरवलं, एकदा गोदावरीच्या अलीकडे, एकदा पलीकडे वळून, आणि मेमरीची ओळ साडेनऊच्या आसपास थांबली. मग बिलावर कार्डाचं पूर्ण नाव, "१२ जीबी" आणि सिरियल नंबर लिहून घेतला, खोक्यावरचा आणि कार्डावरचा नंबर एकच आहे हे बघितलं, आणि पैसे दिले.